साहेब, तुम्हाला म्हणून सांगतो

सहकाऱ्यांमध्ये चाललेली कुजबुज साहेबांच्या कानावर घालावी की नाही, हा प्रश्न पडला की नोकरदार माणूस एकदम तत्त्वज्ञ होतो. एरवी मस्टरवर सही करताना दहा पंचवीस लिहावं की दहा पस्तीस, एवढंच द्वंद्व ज्याच्या मनात चालतं, तो इथे धर्माधर्माचा विचार करू लागतो. ज्याचं मीठ खातो त्याला अंधारात ठेवू नये, असं एक मन म्हणतं. ज्यांच्या डब्यातली भाजी खातो त्यांचा घात करू नये, असं दुसरं मन म्हणतं. मीठ आणि भाजी यांच्या या झटापटीत दुपारचे चार वाजतात, साहेब मीटिंगला निघून जातात आणि प्रश्न उद्यावर ढकलला जातो. पुष्कळांची सचोटी अशी साहेबांच्या मीटिंगांनी सांभाळलेली आहे. माझं म्हणणं असं की हा प्रश्न नीतीचा नाहीच, बातमीचा आहे. बातमीत काहीतरी नवं असावं लागतं, आणि ऑफिसातली कुजबुज केबिनपर्यंत वाहून नेणारा माणूस साहेबांना एकच नवी गोष्ट कळवतो, ती म्हणजे हे सांगायला कोण आलं होतं. बाकीचं त्यांना ठाऊक असतं, नाहीतर ते खरं नसतं, आणि खरं असलंच तर त्या रूपात त्याचा काही उपयोग नसतो.

सांगण्याची ती पद्धत एकदा जवळून बघण्यासारखी असते. केबिनच्या दाराला वरच्या अर्ध्यात दुधी काच असते. सांगणारा आधी त्या काचेपलीकडे आकृती एक आहे की दोन, याचा अंदाज घेतो. हातात फाइल असते. फाइल कुठल्याही विषयाची चालते. स्टेशनरीच्या मागणीची असली तर उत्तम, कारण तिच्यावर चर्चा होत नाही. ‘साहेब, दोन मिनिटं होती,’ असं म्हणून तो आत जातो आणि जाताना दार लोटून घेतो. इथेच घोटाळा होतो. जे दार एरवी दिवसभर सताड उघडं असतं, ते लोटलं गेलं की हॉलमधल्या सगळ्यांचे की-बोर्ड एकदम थांबतात. आत तो उभ्याउभ्या मंगलाचरण म्हणतो. ‘मला काय करायचंय म्हणा, पण कानावर आलं.’ मग, ‘तुम्हाला म्हणून सांगतो.’ मग, ‘माझं नाव मात्र कुठं येऊ देऊ नका.’ साहेब ‘हं’ म्हणतात. सांगणारा या हुंकाराचा अर्थ ‘पुढे बोला’ असा लावतो. साहेब त्या वेळी संगणकावर गाडीच्या विम्याचा हप्ता भरत असतात. दहा मिनिटांनी तो बाहेर येतो तेव्हा स्टेशनरीचा प्रश्न अपेक्षेपेक्षा गंभीर निघाला, असा चेहरा करून येतो. आवक-जावकच्या बाई मान वर न करता विचारतात, ‘काय, पेन्सिली झाल्या का मंजूर?’

आता ज्या कुजबुजीपायी हा सगळा खटाटोप, ती असते तरी काय? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या संशोधकांनी 467 माणसांच्या दिवसभराच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रित तुकडे ऐकून 2019 साली एक हिशेब मांडला. समोर नसलेल्या माणसाविषयी आपण दिवसाला सरासरी 52 मिनिटं बोलतो आणि त्यातलं जवळजवळ तीन चतुर्थांश बोलणं ना निंदेचं ना स्तुतीचं, नुसतंच माहितीवजा असतं, असं त्यात निघालं. मुद्रणात एकदाही दुसऱ्याचं नाव न काढलेले फक्त 34 जण सापडले. त्यांच्याशी बोलायलाच कोणी नसावं, अशी आपली माझी शंका आहे. बायका निंदा फार करतात, हा पुरुषांचा कटिंग चहाबरोबरचा आवडता सिद्धांतही त्यात टिकला नाही. बायका थोडं जास्त बोलतात हे खरं, पण ते जास्तीचं बोलणं त्या निरुपद्रवी खात्यातलं असतं. रॉबिन डनबार या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने तर 1996 सालच्या आपल्या पुस्तकात असं मांडलं की भाषाच मुळात यासाठी जन्माला आली. माकडं तासन्‌तास एकमेकांच्या अंगावरचे किडे वेचून नाती सांभाळतात. माणसांचे कळप मोठे झाले तेव्हा एवढ्या सगळ्यांचे किडे वेचायला दिवस पुरेना, म्हणून आपण गप्पा मारू लागलो. ऑफिसात हेच काम टपरीवर होतं. कोणाच्या मुलीला कुठल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, कोणी फ्लॅट बुक केला आणि बिल्डर कसा पळाला, कोणाच्या सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, यातलं काय काय साहेबांना सांगणार? उरलेला चतुर्थांश कोणाविषयी असतो, हे कळायला संशोधन लागत नाही. तो माणूस केबिनमध्ये बसलेला असतो.

आणि त्याला हे ठाऊक नसतं असं समजणं हा त्याचा अपमान आहे. साहेब काही केबिनमध्येच जन्माला आलेले नसतात. पंधरा-वीस वर्षं तेही टपरीवर ग्लास हातात धरून तेव्हाच्या साहेबांविषयी बोलत होते, आणि बढती मिळाल्याने स्मरणशक्ती जाते असा काही शासन निर्णय निघालेला नाही. कोण कोणाशी बोलत नाही, कोण सव्वापाचलाच पिशवीची चेन लावून बसतं, लेखा शाखेतल्या दोघांचं कशावरून बिनसलं, हे त्यांना खुर्च्यांची तोंडं कुठे वळली आहेत यावरून कळतं. त्यातूनही काही निसटलंच तर ड्रायव्हर असतो. तो रोज तासभर साहेबांकडे पाठ करून बसतो, आणि पाठमोऱ्या माणसाशी बोलताना कोणालाच संकोच वाटत नाही. चहाचा ट्रे घेऊन आत जाणारा शिपाई असतो. ट्रे ठेवायला त्याला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पंचायत समितीच्या निवडणुकीचं विश्लेषण होऊ शकतं. या दोघांच्या नंतर, फाइल घेऊन, घसा खाकरत जो पोचतो, तो शिळी बातमी घेऊन पोचतो.

हेरगिरीचं शास्त्र ज्याने आपल्याकडे रीतसर लिहून ठेवलं, त्या कौटिल्याचा कानाशी येऊन बोलणाऱ्या माणसावर काडीचाही विश्वास नव्हता. कपटी विद्यार्थ्यापासून तापसापर्यंत हेरांच्या पाच संस्था तो अर्थशास्त्रात सांगतो, आणि लगेच त्यांच्यावर पहाराही बसवतो. या संस्थांना एकमेकींचा पत्ता लागता कामा नये, तिघांकडून एकच बातमी आली तरच ती खरी धरायची, आणि ज्यांची बातमी वारंवार चुकते त्यांना गुपचूप दंड करायचा नाहीतर कामावरून दूर करायचं. सांगणारा म्हणेल, मग आमची बातमी या कसोटीला उतरते, ऑफिसात तिघेच काय, तेराजण हेच म्हणताहेत. म्हणताहेत खरे, पण तेराही जणांनी ते एकाच टपरीवर, एकाच माणसाकडून ऐकलेलं आहे, आणि त्या माणसाने ते दुसऱ्या मजल्यावरच्या कोणाकडून तरी लिफ्टमध्ये, लिफ्ट दुसऱ्यावरून तळमजल्यावर येईपर्यंतच्या वेळात ऐकलेलं आहे. कौटिल्याच्या हिशेबी ही एकच साक्ष झाली, आणि तीही अर्धी.

अशा साक्षीचं वाटेत काय होतं, याचाही प्रयोग झालेला आहे. ऑलपोर्ट आणि पोस्टमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी अफवांवरच्या आपल्या 1947 सालच्या पुस्तकात तो दिला आहे. एकाला चित्र दाखवायचं, त्याने ते न पाहिलेल्या दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. पाच-सहा तोंडांतून जाईपर्यंत जवळजवळ सत्तर टक्के तपशील गळून पडले. गळण्यापेक्षा वाईट गोष्ट पुढे आहे. एका चित्रात आगगाडीच्या डब्यात एक गोरा आणि एक काळा माणूस उभे होते आणि वस्तरा गोऱ्याच्या हातात होता. निम्म्याहून जास्त खेपांना, सांगता सांगता कुठेतरी तो वस्तरा काळ्या माणसाच्या हातात गेला. कोणी मुद्दाम खोटं बोललं नाही. वस्तरा कोणाच्या हातात शोभतो, हे ऐकणाऱ्यांच्या मनात आधीच ठरलेलं होतं. आपल्या ऑफिसांतही वस्तरे असेच हात बदलतात. बिलात तीनशे रुपयांची चूक झाली असेल तर दोन दिवसांत ती अशा माणसाच्या नावावर जमा होते, ज्याच्याकडे नवी दुचाकी आहे. उशिरा थांबून काम करणारे दोघे असतील आणि त्यांतली एक बाई असेल, तर काम गळतं आणि उशीर उरतो. ‘ध’चा ‘मा’ करायला निदान शाई-लेखणी लागली होती, असं आख्यायिका तरी सांगते. इथे तेवढाही खर्च नाही. अशा मालाची डिलिव्हरी केबिनपर्यंत करणारा माणूस स्वतःला प्रामाणिक समजतो, आणि ‘मी जसं ऐकलं तसं सांगितलं’ हे त्याचं वाक्य खरंही असतं. ऐकलं तेच मुळात सत्तर टक्के गळलेलं होतं.

समजा, एवढं असूनही तो गेला आणि बोलला. साहेबांच्या मनात मागे काय राहतं? याचं उत्तर मला सगळ्यात मनोरंजक वाटतं. 1998 साली स्कोरॉन्स्की, कार्लस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. एखादा माणूस दुसऱ्या कोणाचा तरी गुण-अवगुण सांगत असेल, तर ऐकणाऱ्याच्या मनात काही काळाने तो गुण-अवगुण सांगणाऱ्यालाच येऊन चिकटतो, असं त्यांना दिसलं. ऐकणारा काही विचार करून हे करत नाही. चेहरा आणि शब्द एकत्र पाहिलेले असतात, ते एकत्रच कपाटात जातात. म्हणजे आपण कळकळीने सांगितलं की ‘भांडार शाखेतला तो भयंकर कामचुकार आहे,’ तर साहेबांच्या कपाटात आपला फोटो आणि त्याखाली ‘कामचुकार’ अशी चिठ्ठी जाऊन पडते. पुढे मार्चअखेरीनंतर गोपनीय अहवाल भरायला बसल्यावर आपल्या नावापाशी त्यांचं पेन थबकतं. याच्याविषयी काहीतरी वाईट ऐकलं होतं, एवढं त्यांना आठवतं. कोणाकडून, ते आठवत नाही. शिवाय साहेबांना साधा हिशेबही येतो. बाहेरचं आत आणणाऱ्याची वाट दुहेरी असते, हे ओळखून त्या दिवसापासून ते आपल्याशी पावसाबद्दल बोलायला लागतात. आपल्याला वाटतं, जवळीक वाढली.

नाव गुप्त राहण्याची जी अट असते, तिचं आयुष्य तर फारच थोडं. साहेब ज्याच्याविषयी ऐकलं त्याला बोलावतात आणि म्हणतात, ‘माझ्या कानावर काही गोष्टी आल्या आहेत. कोणी सांगितल्या ते विचारू नका.’ तो विचारत नाहीच. त्याला विचारायची गरज नसते, कारण परवा दुपारी स्टेशनरीच्या फाइलीवर दहा मिनिटं दार लोटून चर्चा झाल्याचं सगळ्या हॉलने पाहिलेलं असतं. दुसऱ्या दिवसापासून डबा खाताना आपल्याकडे लोणचं सरकवलं जात नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ऑफिस परिवार’ हा ग्रुप चालू राहतो, त्यावर सुप्रभात आणि वाढदिवसाचे केक येत राहतात, पण त्यात आता जीव नसतो. खरा मजकूर आपण नसलेल्या नव्या ग्रुपवर गेलेला असतो.

कुजबुज वर पोचवण्याचा आपल्याकडचा एक जुना दाखला रामायणातला आहे, आणि तो पाहिला की मला साहेबांपेक्षा सांगणाऱ्याची जास्त दया येते. उत्तरकांडात राम आपल्या मित्रमंडळींत बसलेला आहे, हास्यविनोद चाललेला आहे. तो भद्राला विचारतो, नगरात लोक माझ्याविषयी, सीतेविषयी, भावांविषयी काय बोलतात? भद्र शहाणा आहे. तो आधी फक्त चांगलं सांगतो, रावणवधाची तारीफ वगैरे. राम म्हणतो, चांगलं-वाईट सगळं सांग. मग भद्र सीतेविषयीची कुजबुज सांगतो. राम बाकीच्यांना विचारतो, हे खरं का, आणि सगळे खाली मान घालून हो म्हणतात. भवभूतीच्या उत्तररामचरितात हेच काम दुर्मुख करतो, आणि तो ती गोष्ट रामाच्या कानात सांगतो. नाटकाच्या प्रेक्षकालाही ती ऐकू येत नाही. आता हिशेब मांडा. इथे साहेबाने स्वतः विचारलं होतं, खोदून विचारलं होतं, सांगणाऱ्याचा हेतू शुद्ध होता, आणि लोक तसं बोलत होते ही माहितीही बिनचूक होती. अहवाल म्हणून यात खोट काढायला जागा नाही. पण बोलणारे लोक अयोध्येत सुखाने राहिले, आणि जिच्याविषयी बोलणं चाललं होतं ती वनात गेली. कुजबुज वर पोचली की शिक्षा बोलणाऱ्याला होत नाही, ज्याच्याविषयी बोललं जातं त्याला होते. आजही भांडार शाखेतल्या माणसाविषयी कोणी काही बोललं असं साहेबांना सांगा. चौकशी बोलणाऱ्याची लागणार नाही, भांडाराची लागेल. म्हणून ‘बिचाऱ्याची उगाच बदनामी चाललीय, साहेबांना सांगायला हवं’ असं म्हणून सहकाऱ्याचा कैवार घेऊन जे आत जातात, त्यांच्यापासून त्या बिचाऱ्याला जास्त भीती आहे.

यावर एक रोकडा आक्षेप येतो. हे सगळं ठीक आहे, पण कान भरणारेच पुढे गेलेले दिसतात, त्याचं काय? दिसतात, हे कबूल. हलक्या कानाचे साहेब सरकारी आणि खासगी, दोन्ही क्षेत्रांत मुबलक आहेत. पंचतंत्रातला दमनक हा या पंथाचा मूळपुरुष. बापजाद्यांच्या मंत्रिपदावरून उतरलेला हा कोल्हा सिंहाला सांगतो की बैलाचा तुमच्या सिंहासनावर डोळा आहे, बैलाला सांगतो की सिंह तुला खाणार आहे. दोघे झुंजतात, बैल मरतो, सिंह रडतो आणि दमनक पुन्हा मंत्री होतो. गोष्ट तिथे संपते. विष्णुशर्म्याला ऑफिसं चांगली माहीत होती. पण आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याने ही गोष्ट अरबीत नेली तेव्हा त्याला हा शेवट गिळवला नाही, आणि त्याने कोल्ह्याच्या खटल्याचं एक सबंध प्रकरणच जोडलं. ते आमच्या विषयाच्या फार कामाचं आहे. एका चित्त्याने या कोल्ह्याचं त्याच्या जोडीदार कोल्ह्याशी चाललेलं बोलणं चोरून ऐकलेलं असतं. तो ते सिंहाच्या आईला जाऊन सांगतो, आणि काय सांगतो? माझं नाव येऊ देऊ नका! आईसाहेब शब्द पाळतात, सिंहाला नुसतं सुचवत राहतात, आणि खटला जागचा हलत नाही. कोल्हा भर दरबारात विचारतो, माझ्याविरुद्ध कोण बोलतंय ते पुढे आणा. पुढे चित्ता उघडपणे येऊन साक्ष देतो, तुरुंगातून आणखी एक साक्षीदार मिळतो, तेव्हा कुठे निकाल लागतो आणि कोल्ह्याला मरणाची शिक्षा होते. दरबारात प्रभाव ज्याचा सगळ्यात जास्त, त्या राजमातेच्या कानाशी सांगूनही उपयोग झाला नाही. आपण तर सेक्शन ऑफिसरच्या कानाशी लागलेलो असतो.

इथेच दुसरा, आणि खरा गंभीर, आक्षेप येतो. म्हणजे ऑफिसात कोणी पैसे खातोय, कोणी एखाद्या बाईला त्रास देतोय, असं कानावर आलं तरी गप्प बसायचं का? मुळीच नाही. पण ती गोष्ट आता गप्पांच्या खात्यात राहिलेली नाही, आणि म्हणून तिचा रस्ताही दुधी काचेच्या दारातून जात नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा 2013 सालचा आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. तक्रार लेखी लागते, घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, लिहिणं जमत नसेल तर समितीने मदत करायची असते, आणि तक्रारदाराचं नाव फोडायला कायद्याने बंदी आहे. आता तुलना करून बघा. समितीत नाव गुप्त ठेवणं हे कर्तव्य आहे. केबिनमध्ये ते साहेबांच्या ‘हं’वर अवलंबून आहे. जिला त्रास होतोय तिला न विचारता तिची गोष्ट साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवणारा माणूस तिची मदत करत नाही, तिची आणखी एक कुजबुज करतो. तिला विचारावं, तिच्याबरोबर जावं, बाहेर बाकड्यावर बसून राहावं. लाचेचंही तसंच. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे, आणि तिथे आपण काय पाहिलं हे विचारतात, काय ऐकलं हे नाही. निनावी अर्जांवर कारवाई करू नये, असं केंद्रीय दक्षता आयोगाने 1999 सालीच सांगून ठेवलं, तेव्हा निनावी अर्जांचा एक मोठा गृहोद्योग बसला. माझी कसोटी यातूनच घेतलेली आहे. जी गोष्ट तारीख घालून, सही करून लिहिता येते ती जरूर द्यावी, आणि आवक क्रमांक मागून घ्यावा. जी लिहायला बसल्यावर पहिल्याच ओळीत ‘असे समजते की’ लिहावं लागतं, ती टपरीवरच बरी.

या कसोटीने मधल्या आकाराच्या बऱ्याच गोष्टी निसटतात, असं कोणी म्हणेल, उदाहरणार्थ अफवा. ऑफिस हलणार, शाखा बंद होणार, यंदा इन्क्रिमेंट नाही, अशी हवा पसरली आणि माणसांची कामं थांबली, तर साहेबांना कळायला नको का? कळायला हवं, आणि इथे आक्षेप घेणाऱ्याचं बरंचसं बरोबर आहे. वाईट बातमी सांगायला माणूस टाळाटाळ करतो, हेही 1970 मध्ये रोझेन आणि टेसर यांनी दाखवलेलं आहे, आणि त्यामुळे केबिनमध्ये कित्येकदा कायम वसंत ऋतू असतो. पण सांगायचं काय, हा मुद्दा उरतोच. ऑलपोर्ट-पोस्टमन यांचंच एक समीकरण आहे: अफवेचा जोर म्हणजे विषयाचं महत्त्व गुणिले माहितीतली संदिग्धता. गुणाकार आहे, म्हणजे दोहोंतलं एक शून्य झालं की सगळंच शून्य. सरकारी कचेऱ्यांतला एप्रिल-मे आठवा. 2005 च्या बदल्यांच्या कायद्याने सर्वसाधारण बदल्या त्याच दोन महिन्यांत व्हायच्या असतात, आणि तीन वर्षं पुरी झालेला प्रत्येक जण तेव्हा ज्योतिषी होतो. कोणाचं नाव यादीत आहे, कोणी मुंबईला जाऊन कोणाला भेटून आलं, गडचिरोली कोणाच्या नशिबी आहे, याशिवाय विषय नाही. या अफवेत बदलीचं महत्त्व साहेबांना कमी करता येत नाही, संदिग्धता येते. म्हणून सांगायचं ते एवढंच की ‘साहेब, यादीबद्दल लोक अस्वस्थ आहेत, तुम्ही एकदा सगळ्यांशी बोललात तर बरं.’ यात कोण काय म्हणालं, हे कुठेही आलं नाही. नावं घातली की साहेब यादी विसरतात आणि नावं वाचत बसतात. दार न लोटता, सगळ्यांच्या देखत बोलता येतं, ही या वाक्याची आणखी एक सोय.

उरला तो भद्रावर आला तसला प्रसंग, साहेबांनी स्वतःहून बोलावून विचारण्याचा. याची पूर्वसूचना ओळखता येते. साहेब ‘बसा’ म्हणतात. मग दोन चहा सांगतात. मग खुर्ची थोडी मागे रेलून, खिडकीतून पार्किंगकडे बघत म्हणतात, ‘काय म्हणतंय बाहेर वातावरण?’ इथे ‘छान आहे’ म्हणणं खोटं ठरेल आणि खरं बोलणं महागात पडेल. अशा वेळी वस्तूंबद्दल बोलावं. नवं बायोमेट्रिक मशीन अभिलेख कक्षातल्या लोकांचे अंगठे घेत नाही, कारण वर्षानुवर्षं जुन्या फाइली हाताळून त्यांच्या रेघाच पुसल्या आहेत. प्रवासभत्त्याची बिलं दिवाळीपासून अडकली आहेत. झेरॉक्स मशीन पानाच्या मधोमध काळी पट्टी काढतं, आणि नेमकी रक्कम त्या पट्टीखाली जाते. साहेब मान डोलावतील, अस्वस्थ होतील आणि म्हणतील, ‘ते बघू हो आपण. पण बोलतं कोण, ते सांगा.’ त्यावर ‘सगळेच बोलतात साहेब,’ असं म्हणावं. रिव्हरसाइडच्या हिशेबाने 467 पैकी 433 जणांपुरतं तरी ते खरं आहे. मग चहा संपवून उठावं, आणि आत काय शिजलं असं कोणी विचारलंच तर झेरॉक्सचा विषय निघाला होता, एवढं सांगावं. साहेब झेरॉक्स मशीन बदलणार आहेत, ही बातमी संध्याकाळपर्यंत दुसऱ्या मजल्यावर पोचलेली असेल, सोमवारपर्यंत तिला रंगीत प्रिंटर जोडला गेलेला असेल, आणि ती खरी करून दाखवायची पाळी साहेबांवर येईल.